तुमच्याच हाडातलं औषध

माझ्या वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांत स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली गेली, आणि त्यांचा काही उपयोग होणार नाही हे मला चार दिवस आधीच कळलं होतं. ते कुणाला सांगितलं नाही. विसरले म्हणून नव्हे, धीर झाला नाही म्हणूनही नव्हे. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याबद्दल चांगला समज करून घेणार नाही.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, गिरणी बंद पडल्यावर एका गोदामावर वॉचमन झाले. पण लालबाग-काळाचौकीत त्यांना या दोन्हींसाठी कुणी ओळखत नाही. ते 'सर'. मुलींच्या कबड्डी संघाचे सर. संध्याकाळी पाच वाजता शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभे राहायचे, ते साडेसातला घरी. त्यांच्या हाताखालच्या मुली रेल्वेत लागल्या, बँकेत लागल्या. त्या मुली अजूनही गुरुपौर्णिमेला दोन मजले चढून आमच्या खोलीत येतात, आता पन्नाशीच्या झाल्या आहेत, तरी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत.

मी त्यांची मोठी मुलगी, आणि एकोणीस वर्षांची होईपर्यंत त्यांची सगळ्यांत चांगली चढाईपटू.

उपांत्य सामना होता. दुसऱ्या डावात मी चढाईला गेले, कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला आणि बाकीच्या तिघी अंगावर आल्या. पाय खाली रोवलेला आणि अंग दुसरीकडे वळलेलं. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मैदानाबाहेर आणून बसवलं तोवर गुडघा पावासारखा फुगला होता. बाबांनी त्यावर बर्फ फिरवला, वरून पट्टी आवळली. मी रडत होते. ते माझ्या कानाशी आले. बाहेर ते चांगलं मराठी बोलायचे, माझ्याशी रागात बोलताना मालवणी.

"रडतंस कित्याक? हाड मोडूक नाय ना?"

आणि मला परत आत पाठवलं. त्या चढाईत मी दोन गुण आणले. पुढच्या चढाईला मध्यरेषा ओलांडली आणि कुणी हात न लावता खाली पडले.

पुढच्या महिन्यात महाराष्ट्राच्या संघाची निवड होती. माझ्या जागी आमची कप्तान गेली. ती त्यातूनच बँकेत लागली. मला बाबांनी परळच्या एका हाडवैद्याकडे नेलं, मग दुसऱ्याकडे नेलं, मग कुठेच नेलं नाही. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय आणि ते तेव्हाच शिवायला हवं होतं, हे मला सात वर्षांनी कळलं, तेही स्वतः एका मोठ्या इस्पितळात रेकॉर्ड विभागात क्लार्क म्हणून लागल्यावर. तोवर उजवा पाय बारीक झाला होता. अजूनही जिना उतरताना तो कधी दगा देईल सांगता येत नाही. लग्नाची दोन-तीन स्थळं आली, चालताना बघून गेली.

बाबा मात्र ती गोष्ट वेगळी सांगत. घरात कुणीही नवं माणूस आलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ही माझी मोठी. खेळायची बरी. पण दम नव्हता. एक आपटी खाल्ली आणि बसली घरी." मी चहा देत असायची. आई होती तोवर ती विषय बदलायची. आई गेल्यावर भाऊ डोंबिवलीला राहायला गेला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी, बाबा आणि ते वाक्य एवढेच उरलो.

बाबांचे गुडघे ऐंशीच्या उंबरठ्यावर गेले. आधी मैदान सुटलं, मग जिना सुटला. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. तिथपर्यंत जायला त्यांना भिंत धरत पाच मिनिटं लागायची. त्यात एक दिवस चाळीच्या मंडळाच्या ऑफिसात मोफत तपासणी शिबिर झालं. दादरच्या एका क्लिनिकवाल्यांनी लावलेलं. बाबांना शेजाऱ्यांनी हात देऊन खाली उतरवलं, आणि वर आले ते हातात एक गुळगुळीत कागद घेऊन. 'ऑपरेशनशिवाय गुडघेदुखीतून मुक्ती.'

शेजाऱ्यांनीच खाली उतरवलं आणि मी त्यांना घेऊन दादरला गेले. डॉक्टर चाळिशीतला, मऊ आवाजाचा. टेबलावर प्लास्टिकचा गुडघा ठेवलेला. तो उघडझाप करत बाबांना म्हणाला, "काका, ऑपरेशन म्हणजे तुमचा सांधा कापून तिथे धातू बसवायचा. आपण तसलं काही करत नाही. तुमच्याच कमरेच्या हाडातून थोडा मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या, आणि लगेच गुडघ्यात सोडायच्या. जिथे झीज झालीय तिथे त्या नवी गादी तयार करतात. बाहेरचं काही नाही. तुमच्याच हाडातलं औषध."

हे शेवटचं वाक्य बाबांना एवढं आवडलं की घरी येईपर्यंत टॅक्सीत ते तीनदा म्हणाले. दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही, आपल्याच हाडात आहे, हे त्यांना आयुष्यभर मुलींना सांगत आलेल्या गोष्टीसारखं वाटलं असेल. पैसे भाऊ देणार होता. तारीखही ठरली.

मी बाबांचे एक्स-रे आणि सगळे रिपोर्ट आमच्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. ओपीडी संपली होती, ते उभ्याउभ्याच डबा खात होते. एक्स-रे खिडकीकडे धरला.

"ही बघा, मधली फट उरलेलीच नाही. हाडाला हाड लागतंय. इथे काहीही सोडलं तरी गादी परत येत नाही."

"मग ते लोक सांगतात ते?"

"झीज थोडी असली तर काहींना बरं वाटतं म्हणतात. नक्की अजून कुणालाच माहीत नाही, अभ्यास चालू आहेत. पण ही खात्री देऊन विकायची गोष्ट नाही. आणि या गुडघ्यांसाठी तर मुळीच नाही." मग त्यांनी बाकीचे कागद चाळले. "हृदय चांगलं आहे. साखर नाही. अहो, या वयाला असे रिपोर्ट कुठे बघायला मिळतात? घेऊन या त्यांना. एकेक करून दोन्ही गुडघे बदलू. पहिल्या ऑपरेशननंतर दीड महिन्यात जिना उतरतील."

मी खूश होऊन घरी निघाले होते. हे खरं आहे. वाटेत बाबांसाठी गरम जिलबीसुद्धा घेतली.

जिना चढून वर आले तर बाबा गॅलरीत खुर्चीवर बसलेले, शेजारच्या खोलीत नव्याने भाड्याने आलेल्या बाईंशी बोलत होते. मी कठडा धरून शेवटच्या पायरीवर पाय ठेवत होते. त्या बाईंनी माझ्या पायाकडे बघितलं. बाबांनी त्यांचं बघणं बघितलं आणि म्हणाले, "ही माझी मोठी. खेळायची बरी. पण दम नव्हता हिच्यात."

ती बाई कसंनुसं हसली. बाबा माझ्याकडे वळले.

"काय म्हणालो तुझो डॉक्टर?"

"करून बघायला हरकत नाही म्हणाले," मी म्हटलं.

जिलबी ताटलीत काढून दिली. त्यांनी चवीने खाल्ली.

पुढचे चार दिवस मी हे बदलू शकत होते. रोज सकाळी त्यांना चहा देताना वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, आज संध्याकाळी. चौथ्या दिवशी आम्ही दादरला गेलो.

मला त्यांनी आत बसू दिलं. भिंतीला लागून स्टूल होतं. बाबांना टेबलावर पालथं झोपवलं, पायजमा खाली ओढला. ज्यांच्यासमोर मुली मान वर करत नसत त्या माणसाचं उघडं, सुरकुतलेलं ढुंगण ट्यूबलाइटखाली होतं आणि दोन नर्स आपापसात नाश्त्याचं बोलत होत्या. डॉक्टरने कमरेच्या मागे भुलीचं इंजेक्शन दिलं, मग एक जाड सुई हाडात दाबली आणि मनगट वळवून वळवून आत घातली.

"आता ओढताना जरा कळ येईल, काका. आतपर्यंत भूल पोचत नाही."

नळीने मगज ओढला तेव्हा बाबांच्या तोंडून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. लहान मुलाला दचकवल्यावर येतो तसा. त्यांचा डावा हात टेबलाच्या कडेवरून खाली आला आणि हवेत चाचपडायला लागला.

"हात दे गो," ते म्हणाले.

मी दोन पावलांवर होते. स्टुलावरून उठले नाही.

"रडताय कशाला, बाबा?" मी म्हटलं. "हाड मोडलेलं नाही ना?"

नर्सला वाटलं आमच्या घरातली थट्टा आहे, ती हसली. बाबांचा हात तसाच क्षणभर राहिला, मग त्यांनी तो ओढून छातीखाली घेतला. डॉक्टरने आणखी तीनदा ओढलं. बाबांनी आवाज केला नाही. त्यांच्या मानेवरच्या शिरा मी बघत होते. मला वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं की तेव्हा नाही वाटलं. एक प्रकारचा निवांतपणा वाटला.

तासाभराने तो लालसर पातळ माल दोन्ही गुडघ्यांत सोडला आणि आम्ही घरी आलो.

आठवडाभर गुडघे सुजले. क्लिनिकमध्ये फोन केला तर बाई म्हणाली, "सूज म्हणजे पेशी कामाला लागल्या, ताई. तीन महिने धीर धरा." सूज उतरली. गुडघे होते तसेच राहिले. एकदा संडासात बसले ते त्यांना उठता येईना. आतून माझ्या नावाने ओरडायला लागले. पुरुषांच्या बाजूला मी गेले, दाराची कडी बाहेरून हलवून हलवून काढली, आणि काखेत हात घालून त्यांना उभं केलं. दोघंही घामाघूम झालो. पायजम्याची नाडी मी बांधली.

त्याच आठवड्यात रविवारी मंडळाच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा मेळावा होता. चौघांनी बाबांना खाली नेलं आणि खुर्चीवर बसवलं. तिथे माइकवरून बाबा म्हणाले, "माझ्या गुडघ्यांना सत्तर टक्के फरक आहे. माझ्याच हाडातलं औषध. तुम्ही पोरींनी पण घ्या." टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होते. मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. बघितलं नाही.

दोन दिवसांनी कप्तानचा फोन आला. तीच, जी माझ्या जागी गेली होती. तिचाही एक गुडघा गेली पाच वर्षं दुखतोय.

"सरांनी डोकं खाल्लंय," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्याची वेळ पण घेऊन दिली मला. तू घरात असतेस. खरं सांग, फरक आहे?"

"काडीचा नाही."

"पण सर तर..."

"ते संडासातून एकटे उठू शकत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, याने काही होणार नाही."

"आधी म्हणजे?"

"टोचायच्या आधी."

तिने फोन ठेवला. मी तिचं भलं व्हावं म्हणून हे सांगितलं असं मला लिहिता आलं असतं. तिचं भलं झालंच. आमच्या डॉक्टरांनी तिला व्यायाम आणि गोळ्यांवर ठेवलं, आता ती बरी आहे. पण तेव्हा माझ्या मनात तिचं भलं नव्हतं. माइकवरून टाळ्या घेणारा माणूस खोटं बोलतो हे कुणाला तरी कळायला हवं होतं, एवढंच होतं.

मला वाटलं नव्हतं ती येईल. ती दुसऱ्याच दिवशी बँक सुटल्यावर आली, एक-एक पायरी आडवं पाऊल टाकत. बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "सर, तुम्हाला बरं नसताना मला का पाठवत होतात?"

"कोण म्हणतं बरं नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग सगळं सांगितलं. डॉक्टरांचं मत, ते मला आधी माहीत होतं हे, सगळं. तिला वाटलं असेल घरात हे कधीच बोलून झालं असेल. बाबांचा चेहरा बघून तिला कळलं तसं नाहीये. ती चहा न घेता गेली.

खोलीत आम्ही दोघं. खाली कुणीतरी मिक्सर लावला होता.

"तुका म्हायत होता?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मगे हो कित्याक म्हटलंस?"

मी म्हटलं, "तुम्ही मला परत आत का पाठवलंत?"

कधी, कुठे, कुठल्या सामन्यात, काही विचारलं नाही त्यांनी. चौतीस वर्षं झाली होती, त्यांना क्षणभरही शोधावं लागलं नाही. पंचांशी बोलताना बोलायचे तशा स्वच्छ मराठीत ते म्हणाले, "तीन गुणांनी मागे होतो आपण. चार मिनिटं राहिली होती. दुसरी कोण होती माझ्याकडे?"

मी वाट बघितली. आणखी काही येईल असं वाटलं. आलं नाही. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं होतं. माझं कौतुक म्हणून त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं तेवढं एकच वाक्य, आणि त्यात माफी नावालाही नव्हती.

त्या आठवड्यात मी त्यांना आमच्या इस्पितळात नेलं. चांगुलपणाने नाही, संडासात शिरून त्यांना उचलायचा मला कंटाळा आला होता म्हणून. डॉक्टरांनी गुडघे बघितले, कमरेवरची खूण बघितली, आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.  मग बाबांना म्हणाले, "सांध्यात नुकतं काही टोचलेलं असेल तर लगेच ऑपरेशन करत नाही आम्ही. आत जंतू जाण्याची भीती असते. आणखी दोन-तीन महिने थांबू."

थांबलो. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. पाणी, पेपर, पंखा. त्यांच्या मालवणीतला 'गो' गेला.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप पडला. कपाळावर घाम, डावा हात जड. मी ओरडले. मजल्यावरचे चौघे धावत आले, त्यांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीचे चार पाय चौघांनी धरले. जिना अरुंद, वळणावर मागच्या दोघांना धरायला जागा मिळेना. मी पुढे होऊन खुर्चीचा हात धरला. बाबांचे ओठ पांढरे पडले होते, तरी त्यांनी डोळे उघडले.

"हिका सोडूक सांगा," ते त्या लोकांना म्हणाले. "हिच्या पायाचो भरवसो नाय."

मी सोडलं. त्यांच्या चपला आणि फाइल घेऊन मागून उतरले, दर पायरीला आधी उजवा पाय टाकत, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

ते वाचले. पण हृदयाचा एक भाग मेला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी कागद बघून मान हलवली. गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय तिथेच मिटला. आमचे डॉक्टर वॉर्डात आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

दहा दिवसांनी घरी सोडलं. टॅक्सीने आलो तेव्हा भर दुपार होती आणि चाळीत उचलणारं कुणी नव्हतं. सगळे कामावर. तळमजल्यावरच्या बाईंनी खुर्ची दिली. बाबांना जिन्याच्या पायथ्याशी बसवलं, मी पहिल्या पायरीवर बसले. साडेसहाशिवाय कुणी येणार नव्हतं.

येणारे-जाणारे विचारपूस करत होते. "सर, बरं आहे ना आता?" बाबा मान हलवत होते. चार वाजता मी विचारलं, "चहा आणू?"

"नको. मुताक व्हया मगे."

 एक कुत्रं येऊन त्यांच्या पायाचा वास घेऊन गेलं. मग बाबा समोर बघतच म्हणाले, "तेव्हा तुझ्या डॉक्टराने नेमकं काय सांगितलं होतं? सगळं सांग."

मी सगळं सांगितलं. मधली फट उरलेली नाही. गादी परत येत नाही. खात्री देऊन विकायची गोष्ट नाही. इथपर्यंत सांगून थांबता आलं असतं. मी पुढचंही सांगितलं. हृदय चांगलं आहे म्हणाले होते. असे रिपोर्ट या वयाला बघायला मिळत नाहीत म्हणाले होते. दीड महिन्यात जिना उतरतील म्हणाले होते. एक शब्द गाळला नाही. खरं सांगत होते की पुन्हा मारत होते, हे माझं मलाही कळत नव्हतं, आणि सांगताना आवाज जराही कापला नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"दीड महिना," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि जिन्याकडे वर बघितलं. तिथे वळणावर कुणाच्या तरी सायकली कठड्याला बांधलेल्या होत्या.

"त्या सायकली काढायला सांग," ते म्हणाले. "मघाशी उतरवताना लागत होत्या." उतरवून दहा दिवस झाले होते. मी त्यांची चूक दाखवली नाही.

साडेसहाला पहिला माणूस आला, डबा पायरीवर ठेवून त्याने बाह्या वर केल्या. बाकीचे तिघे येईपर्यंत आणखी वीस मिनिटं गेली. त्यांनी खुर्ची उचलली. मी वर जाऊन सायकली बाजूला धरून उभी राहिले, ते शेजारून गेले, आणि मग खोलीचं कुलूप उघडायला मला त्यांच्या पुढे जाता येईना म्हणून किल्ली मागच्या एकाच्या खिशात टाकली.